पेशीकाकूंचा चहा

पेशीकाकूंच्या घरी गेल्या गेल्या चहा कुणालाच मिळत नसे. आधी लॅपटॉप पुढे यायचा. पडद्यावर सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं चित्र, काळ्यावर निळे ठिपके. "अहो इंजिनियर, एवढ्या पेशी मोजा. तोवर आधण येतंय."

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या विद्यापीठातली नोकरी सांभाळून काकूंनी अशा चित्रांतल्या पेशी मोजणारा प्रोग्रॅम लिहिला होता आणि कोडसकट सगळ्यांना फुकट खुला केला होता. आम्हा तिथल्या मराठी मंडळींना त्या चित्रांतलं काही कळत नसे, आणि त्यांना तेच हवं असे. "उत्तर काय यायला हवं हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मोजावं," म्हणायच्या. माझा आकडा प्रोग्रॅमशी जुळला की जरा हिरमुसायच्या. नाही जुळला की खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. मला आकड्यांचा नाद, त्यामुळे आमचं जमलं.

आमची लेक ईरा मास्टर्सच्या प्रबंधासाठी त्यांचाच प्रोग्रॅम वापरत होती. एका औषधाने कर्करोगाच्या पेशी खूप कमी होतात, असं तिचं उत्तर आलं. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली, तेव्हा आम्ही पेढे घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि ईराचीच चित्रं, नावं झाकून, माझ्यापुढे केली. मी मोजली. औषध दिलेल्या पेशीही जवळपास औषध न दिलेल्यांइतक्याच निघाल्या. फक्त त्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, आणि प्रोग्रॅम अख्ख्या घोळक्याला एकच पेशी धरत होता.

ईराचे डोळे भरले. जर्मनमध्येच म्हणाली, "म्हणजे माझं सगळं गेलं?"

"चित्रं आहेत ना? पुन्हा मोजू. चूक तुझी नाही, माझ्या कोडची आहे. पेढा खा आणि बस."

मग त्यांनी जगभरच्या वापरणाऱ्यांसाठी सूचना लिहायला घेतली: चूक कुठे होते, कोणत्या आवृत्तीत, आणि आपला स्वतःचा एक शोधनिबंधही त्यामुळे पुन्हा तपासावा लागणार आहे.

मी म्हटलं, "काकू, आधी दुरुस्त तरी करा. घाई काय आहे?"

"अहो, आत्ता कुणीतरी त्यावर मोजत बसलंय."

ईराला मुदतवाढ मिळाली. औषध पेशी मारत नाही, एकत्र आणतं, एवढंच तिच्या प्रबंधात उरलं. पण ते पक्कं होतं. याबद्दल काकूंचे आभार कितीही मानले तरी मला कमीच वाटतात.

निवृत्तीनंतर काकू मुलाकडे हॅम्बर्गला गेल्या. जाताना प्रोग्रॅमची देखभाल ईराकडे सोपवली.

परवा आखनला ईराकडे गेलो. कोट काढतोय तोच तिने लॅपटॉप पुढे सरकवला. एरवी जर्मनमध्येच उत्तर देणारी माझी मुलगी मराठीत म्हणाली, "बाबा, एवढ्या पेशी मोजा. तोवर आधण येतंय."