साधा संदेश

आम्हा हौशी रेडिओवाल्यांत तिला सगळे ‘कंट्रोल’ म्हणत. तोंडावर मात्र ताई. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, अंगाने काडी. पण आवाज असा, की ऐकणारा आपोआप सरळ बसे. फोन बंद पडले तर वस्तीला उपयोग व्हावा म्हणून सतरा जणांची साखळी तिने एकटीने उभी केली. आम्हाला परीक्षेला बसवलं, परवाने काढायला लावले, गच्चीगच्चीवर अँटेना चढवल्या. दर रविवारी सकाळी दहाला सराव. आपला नंबर सांगायचा, संदेश ‘तातडीचा’ की ‘साधा’ ते सांगायचं आणि ती ‘थांबा’ म्हणाली की तोंडाला कुलूप. मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझ्या वर्गात एवढी शिस्त मी उभ्या जन्मात पाहिली नाही.

त्या शिस्तीला न जुमानणारा एकच, तिचा धाकटा भाऊ. तो पंप दुरुस्त करी. नाल्याकाठच्या इमारतीच्या तळघरात त्याचं दुकान, मागे एक कॉट, तेच घर. लग्न केलं नाही. बहिणीला छळायचं हाच त्याचा संसार. एका रविवारी तो मध्येच ओरडला, “तातडीचा संदेश! कंट्रोलने दिलेल्या चहात साखर नव्हती!”

आम्ही पोट धरून हसलो. ताई हसली नाही. “लांडगा आला रे आला करत बसलास, तर खऱ्या वेळी कुणी येणार नाही,” म्हणाली आणि सगळ्यांदेखत त्याला महिनाभर सरावातून बाद केलं. मला ते जरा अतीच वाटलं होतं, पण बोललो नाही. महिन्याने तो परतला तो अगदी गरीब गाय होऊन.

दोन महिन्यांनी वरच्या अंगाचा तलाव फुटला. दुपारी बाराच्या सुमारास नाला रस्त्यावर आला, वीज गेली, फोन गेले. ताई आपल्या टेबलाशी बसली. मी शाळेत, आसऱ्याला आलेल्या माणसांत. इस्पितळाला ऑक्सिजन हवा होता, एका गच्चीवर बाळंतीण अडकली होती. सतरा सेट एकदम बोलू पाहत होते आणि ती एकेकाला वाट करून देत होती. तेवढ्यात तिच्या भावाचा आवाज आला.

“अकरा नंबर. संदेश आहे.”

“तातडीचा की साधा?”

तो क्षणभर घुटमळला. “साधा.”

“थांबा.”

“थांबतो, ताई.”

त्याच्या आधी माझा नंबर होता. मी पांघरुणांची यादी वाचली. मोठी किती, लहान किती; नीट ऐकू गेली नसेल म्हणून पुन्हा एकदा, सावकाश. त्या पाच मिनिटांसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पस्तीस मिनिटांनी ताईने पुकारलं, “अकरा नंबर, बोला.” उत्तर नाही. तीनदा पुकारलं. मग नंबर-बिंबर सगळं विसरून ती म्हणाली, “बोल ना रे.” आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं.

पाणी ओसरल्यावर तो दाराच्या आतच सापडला. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत कागद होता. ताईने शिकवल्याप्रमाणे पेन्सिलीने, रकाने पाडून लिहिलेला. प्रकार: साधा. मजकूर: बाहेरच्या पाण्याने दार उघडत नाही. सवडीने कुणाला तरी पाठवा.

“अक्षर किती नीट काढलंय बघ,” ताई मला म्हणाली. “एरवी कोंबडीचे पाय असायचे.” आणि मग तिला जे रडू फुटलं, ते आम्हा कुणाच्याने आवरेना.

सेट तिने कपड्यात गुंडाळून कपाटात टाकला. आम्ही आळीपाळीने साखळी चालवून पाहिली. नुसता बाजार झाला. सात महिन्यांनी एका रविवारी, ठीक दहाला, कुणी न बोलावता तिचा आवाज आला. पूर्वीसारखाच. एकेक नंबर हजर झाला. अकरा तिने पुकारला नाही.

“सात नंबर,” मी म्हणालो. “संदेश आहे. साधा.”

आता ‘थांबा’ यायचं. पण सेटवर नुसती खरखर.

“तुझ्या पायाखाली कोरडं आहे?” तिने विचारलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. नाल्यात पोरं क्रिकेट खेळत होती.

“कोरडं आहे, ताई.”

“दार उघडतं?”

उघडतं, असं बसल्या जागी सांगता आलं असतं. मी उठलो, दाराशी गेलो, कडी काढली, दार सताड उघडलं आणि परत आलो.

“उघडतं, ताई.”

“मग थांब,” ती म्हणाली.