तात्पुरतं आहे, चालवून घ्या

अमळनेरच्या आमच्या भजनी मंडळात दर मंगळवारी टाळ खाली ठेवले की किस्से सुरू होतात. बहुतेकांचं मूळ एकच असतं, 'तात्पुरतं आहे, चालवून घ्या.' चालवून घेता घेता ते तात्पुरतं घरातलंच होऊन जातं.

आमचा माइकच घ्या. वायर सैल आहे, दाबून धरली तरच आवाज येतो. म्हणून विमलताई भजनभर ती धरून बसतात. लेकीच्या बाळंतपणाला धुळ्याला निघाल्या, तेव्हा जाताना वायर माझ्या हातात देत म्हणाल्या, "सांभाळा." जणू तिजोरीची किल्ली! आता परत आल्यात, पण मोकळ्या हाताने त्यांना गाताच येत नाही.

* * *

नळाला पाण्याची वेळ नाही. मी नळ उघडा ठेवते आणि खालच्या बादलीवर स्टीलची ताटली पालथी घालते. पाणी आलं की ताटली वाजते.

एका सोमवारी व्रताची कहाणी अर्ध्यावर असताना ती वाजली. कहाणी सोडून उठायचं कसं? मी वाचत राहिले, जीव मात्र नळापाशी. आरतीला उठले तर पिंप काठोकाठ भरलेलं, आणि शेजारच्या सुमनअक्का पदराला हात पुसत उभ्या.

"अर्धं पुन्य मनं, बरं का," त्यांनी आपल्या अहिराणीत वाटा मागितला.

* * *

या अक्का एकट्या राहतात. मुलगा सुरतेला. तो म्हणे, इकडे ये. अक्का म्हणत, माझी कानबाई देवी दर श्रावणात या घरात बसते, मी कुठे येऊ? त्यावरून बिनसलं आणि त्याचे फोन थांबले. अक्का मोबाइल मात्र देवघरापाशी ठेवत. त्याचा फोन येईपर्यंत मी गूळ सोडला होता.

त्यातच रेशनच्या मशीनवर अक्कांचा अंगठा उमटेना. कुणी लिंबू चोळायला सांगितलं, कुणी खोबरेल. विमलताईंनी तर अंगठ्याला औक्षण करायचंच बाकी ठेवलं! दुकानदार म्हणाला, "अक्का, मशीन म्हणतं, ह्या तुम्ही नाहीत."

"मी आठे उभी शे ना, भाऊ!"

शेवटी त्याने तात्पुरता मार्ग काढला. कार्डाला मुलाचा मोबाइल जोडलेला होता. त्याच्याकडे ओटीपी जाईल, तो फोनवर विचारून घ्यायचा.

पहिल्या महिन्यात मुलाने आकडे सांगून फोन ठेवला. पुढच्या महिन्यात आकड्यांनंतर विचारलं, "जेवलीस का?" मग पावसामुळे धान्य उशिरा आलं, तर त्याचाच फोन आला, अजून रेशन आलं नाही का म्हणून. त्या संध्याकाळी मी देवापुढे गुळाचा खडा ठेवला आणि तोंडात टाकला.

* * *

गेल्या महिन्यात दुकानात नवीन मशीन आलं. विमलताईंचा हळदीने माखलेला अंगठासुद्धा त्याने पटकन घेतला. दुकानदार खुशीत होता. अक्कांचा नंबर आला तसं त्याने मशीन पुढे सरकवलं.

"अक्का, आता फोनची कटकट संपली. लावा अंगठा."

अक्कांनी अंगठा मुठीत मिटला आणि मूठ पदराखाली घेतली.

"मना नही लागत, भाऊ. तू आपला पोऱ्याले फोन लाव."