ढगांखालचा धान

आमच्या सालेकशाच्या रस्त्याला पिकलेल्या धानाचा वास सुटला, की मला जपानमधला एक डोंगरी किल्ला आठवतो. बहीण तिकडे नोकरीला. तिने हट्टाने बाबांना आणि मला बोलावलं होतं, आणि बाबा आठ दिवस "घरी कधी जाचं आपण?" एवढंच विचारत होते. रडकुंडीला येऊन तिने शेवटचा उपाय म्हणून किल्ला काढला. पहाटे धापा टाकत वर पोचलो, तर किल्ला असा नव्हताच. होते शेवाळलेले दगडी चौथरे आणि खालच्या ढगांचे फोटो काढणारी, आरतीला उभी असावी तशी गंभीर गर्दी. "धुकं पाहाले आणलं काऊन? थे तं आमगावातबी हाय," बाबा म्हणाले. ऊन चढलं, ढग विरले, गर्दी हिरमुसून उतरली आणि खाली धानाच्या पिवळ्याधमक बांध्या, म्हणजे खाचरं, दिसली. बाबा ताडकन उठले. "अवो, तो धान आडवा झाला पाहा! पाणी बाहेर सोडलं नसन वेळेवर!" तिथे पाला झाडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना ते हातवाऱ्यांनी हेच सांगू लागले. एकाने खाली पाहिलं, खदखदून हसला आणि दुसऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. बांधी त्या दुसऱ्याची होती. मग तिघं तासभर बोलले, कोणत्या भाषेत ते देव जाणे. उतरताना बाबांनी घराचं नाव काढलं नाही आणि बहीण पायऱ्यांवर गाणं गुणगुणत होती. मागच्या आठवड्यात बाबांनी तिला फोनवर विचारलं, "त्या बुढ्याचा धान यंदा उभा हाय का वो?" रविवारी ती मुकाट किल्ला चढून पाहून आली. उभा आहे.