खाकी कव्हरातली कादंबरी

बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या मे महिन्यात नेवाशातल्या एका वाचनालयाची झडती झाली. पोलीस सरकारने बंदी घातलेली एक कादंबरी शोधत होते. ग्रंथपाल वाचकांना सुट्टीसाठी नव्या कादंबऱ्या सुचवत आणि सगळ्यांना एकसारखं खाकी कव्हर घालत. मला त्यांनी हीच सुचवली होती. मी नुकतीच परत केलेली ती प्रत त्यांच्या हातात होती. सापडली असती, तर त्यांना तुरुंग होता.

"कादंबऱ्या देऊन पोरं बिघडवता, मास्तर," फौजदार म्हणाले.

"मग बाईसाहेबांसाठी एक न्या, साहेब. दुपारी सरतील." ग्रंथपालांनी हातातलीच पुढे केली. फौजदारांनी ती न उघडता काखेत मारली.

झडतीत काही सापडलं नाही. जूनमध्ये पुस्तक परत आलं. आत बाईंची चिठ्ठी होती: "अशीच आणखी एक पाठवावी. कव्हर असंच घालावं."