गरम सपाता

आखातात, अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटमध्ये लेक ब्रनोला शिकायला जायची बॅग भरत होती. विद्यापीठाचं माहितीपत्रक वाचता वाचता म्हणाली, "बाबा, चेक लोक पाहुण्यांना घरात घालायला सपाता देतात. यू न्यू दॅट?"

पंचवीस वर्षांपूर्वी मीही तिथंच शिकत होतो. एकदा एका चेक मित्राच्या घरी गेलो, तर त्याच्या आईनं दारातच माझ्यापुढं लोकरी सपाता ठेवल्या. पाय घातला तर आत ऊब! कुणीतरी आत्ताच काढलेल्या, असं वाटून मला किळस आली. सपाता पायानंच बाजूला सारून मी आत गेलो. तिनं वाकून त्या उचलल्या, हीटरवर ठेवल्या.

निघताना मित्र म्हणाला, "तुझ्यासाठी आईनं सकाळपासून तापवत ठेवल्या होत्या."

तरीही माझ्या तोंडून सॉरी निघालं नाही.

"हो, माहीत होतं," मी लेकीला म्हणालो, आणि तोंड लपवायला बॅगेच्या चेनशी वाकलो.