आमेननंतरचा आवाज

"मागे कोण रेकतंय?"

मोठ्या बाईंनी पेटीवरचा हात उचलून विचारलं. रविवारची उपासना चालू होती. गीत संपलं होतं, आमेन झालं होतं, तरी एक आवाज चालूच होता. त्यात शब्द नव्हते. नुसता लांब, सरळ, घशातून निघालेला आवाज. पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या. शिक्षक, कारकून, त्यांच्या बायका. कोणीतरी फिसकन हसलं.

आवाज माझ्या मायचा होता. ती मागे सतरंजीवर डोळे मिटून बसली होती.

"हे चर्च आहे, मांगांची वरात नाही," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "जा. गप्प कर तुझ्या आईला."

मी गेले.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढेमागची गोष्ट. मी तेरा-चौदा वर्षांची. आम्ही आंजीकडचे, मांगवाड्यातले. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण सनई सोडली नाही. सनईवाल्याच्या शेजारी एक जण नुसता सूर धरून बसतो. तो गाणं वाजवत नाही. एकच सूर, न तुटू देता, फुंकत राहतो. आजोबांना सूर देणारा भाऊ वारला, तेव्हा माय लहान होती. घरी वाजवताना तो सूर तिनं तोंडानं धरायचा. आजोबांनी तिला एकच गोष्ट शिकवली. गाणारा थांबला म्हणून सूर धरणाऱ्यानं थांबायचं नाही. त्यानं सगळ्यांच्या शेवटी थांबायचं.

मायला वाचता येत नव्हतं. पुस्तकातली गीतं तिच्या तोंडी बसत नसत. पण देवापुढे रिकाम्या तोंडानं कसं बसायचं? म्हणून ती सूर धरायची. आमेन झालं की बाकीच्यांचं काम संपायचं, तिचं नाही. ती म्हणायची, "लोकं गात गात वर चढले, त्याइले खाली उतरवाले कोनी पाह्यजे ना."

मोठ्या बाई शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या घरी मी भांडी घासायची. चौथीपर्यंत शिकलेली, वाचता येतं, गळा बरा, म्हणून त्यांनी मला गायकांत घेतलं. आपल्या मुलीचा जुना पांढरा फ्रॉक दिला. माझ्या घरातलं कोणी बाकावर बसलं नव्हतं. मी बसले.

तो बाक जाऊ नये म्हणून मी मागे गेले आणि मायच्या तोंडावर हात ठेवला.

कानात सांगता आलं असतं. खांद्याला हात लावता आला असता. मी तोंड दाबलं. आवाज लगेच थांबला नाही. माझ्या तळहाताखाली तो थोडा वेळ घुमत राहिला. गरम. मग थांबला. मायनं डोळे उघडले. मला पाहिलं. फ्रॉक पाहिला.

मी परत बाकावर जाऊन बसले. बाईंनी पाठ थोपटली. मला बरं वाटलं. हे लिहायलाच पाहिजे. मला बरं वाटलं.

परतताना वाटेत मी म्हटलं, "माय, ते मोठे लोक आहेत. आपल्यापायी त्याइची प्रार्थना बिघडते."

"हाव," ती म्हणाली.

त्यानंतरही ती दर रविवारी आली. ओठ मिटून बसली. कापूस वेचतानाही तिचा आवाज ऐकू येईना. वावरातल्या बाया चिडवायच्या, "काऊन वं, सूर इकला का?"

माय म्हणायची, "पोरीनं ठेवून घेतला."

मला ते ऐकू यायचं. मी कापसात मान घालायची.

वर्षं गेली. माझं लग्न झालं. गायकांत मी होतेच, बाईंची भांडीही होती. मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बाहेरून एक प्रचारक आले. गिटार, भोंगे, चर्चच्या आवारात मांडव. ते म्हणाले, "शब्द सोडा. आत्म्याला शब्द लागत नाहीत. आतून येईल तो आवाज येऊ द्या."

आणि पुढच्या बाकांनी येऊ दिला. हात वर. डोळे मिटलेले. कचेरीतले मोठे साहेब आ आ करत डोलत होते. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. कोणी हसलं नाही. मी गायकांत उभी, आणि माझ्या तळहाताकडे पाहिलं. हा आवाज मला ठाऊक होता. मी तो हातानं मारला होता.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत त्यासाठी वेगळा वेळ ठेवला. बाई उठल्या. सगळ्यांसमोर गोड आवाजात म्हणाल्या, "आपल्या साध्याभोळ्या बायांना हे दान आधीपासूनच आहे. तुझी आई गायची ना गं? तिला पुढे आण. लोकांना ऐकू दे."

मी पुन्हा गेले. तीच वाट, बाकावरून सतरंजीकडे.

"माय, चाल. आता चालते म्हनतात."

माय जागची हलली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तवा वरात होती. आता आत्मा झाला का वं?"

सतरंजीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग माय हळू बोलली, फक्त मला. "दोन्ही खेपा थे बाई तुलेच धाडते. अन् तू येतं बी."

मी तिथेच उभी राहिले.

"आणते आहेस ना?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलं म्हणून मी तिचं तोंड दाबलं. आता तुम्ही सांगता म्हणून उघडणार नाही."

आणि मी मायजवळ सतरंजीवर बसले. त्या बाकावर पुन्हा गेले नाही.

उपासना सुटल्यावर बाई दारात म्हणाल्या, "उद्यापासून कामाला येऊ नकोस."

"येनारच नव्हती," मी म्हटलं.

तुम्हाला वाटेल, माय त्या दिवशी गायली असेल. नाही गायली. मरेपर्यंत नाही. मी किती वेळा म्हटलं, "घरी तरी." ती म्हणायची, "विसरली मी." ती विसरली नव्हती. झोपेत तिचा गळा हलायचा.

तिच्या मातीला पाळकसाहेबांनी गीत घेतलं, आमेन म्हटलं, पुस्तक मिटलं. मी सूर धरला. माझा श्वास तोकडा. आवाज मधेच फाटला. मायचा कधी फाटत नसे. लोक उभे राहिले, काही निघून गेले. मी माती पडेपर्यंत सोडला नाही. त्यानं काही फिटलं नाही. देवाला मी क्षमा मागत नाही, कारण तोंड देवाचं दाबलं नव्हतं. जिचं दाबलं, ती मातीखाली आहे.

आता सतरंजी गेली, खुर्च्या आल्या. पुढची जागा पुढच्यांचीच आहे. मी शेवटच्या रांगेत बसते आणि आमेननंतर सूर धरते. नवे पाळकसाहेब म्हणतात, "आजी, आमेन झालं."

"तुमचं झालं," मी म्हणते.

माझ्याजवळ खेड्यातल्या, वाचता न येणाऱ्या बाया येऊन बसतात. त्यांतली कोणी आवाज काढेल, तेव्हा पुढून एखादी पोरगी धाडली जाईल, चांगले कपडे घातलेली. तिचा हात मी मधेच धरीन. तो हात कसा असतो, मला माहीत आहे.