कुदळ वाजली, पाया लागला

आश्रुबा गवंडी नांदूरघाटाकडच्या माळावरचा. तिथं गुडघाभर खणलं की मुरूम. कुदळ खणकन वाजली की पाया लागला. दगड लावा आणि भिंत उचला! बापानं एवढंच शिकवलं होतं आणि माळावर तेवढं पुरलंही. पण माळाचं शहाणपण काळ्या रानात चालत नाही, हे सांगायला बाप राहिला नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात माळावर काम उरलं नाही. धाकटी बहीण छबुबाई तेलगावच्या पलीकडं, काळ्या रानातल्या गावात दिलेली. तिचा नवरा शहादेव सोसायटीचा पंच. "माझा मेव्हणा हाय, लई कसबी हाय," असं म्हणून त्यानं सोसायटीच्या गोदामाचं काम आश्रुबाला मिळवून दिलं.

आश्रुबानं कमरेइतकं खणलं आणि कुदळ वाजली. "लागला!" तो ओरडला. गोदाम उभं राहिलं. तेवढाच पाया घेऊन त्यानं बहिणीलाही मोठ्या हौसेनं दोन खोल्या बांधून दिल्या.

गोदामामागं हौदासाठी खड्डा घेतला, तेव्हा घात कळला. कुदळ वाजवणारा थर फुटला आणि खाली मऊ, काळीभोर माती निघाली. मुरूम पार पुरुषभर खाली. वाजली होती ती पावसाविना भाजून निघालेली मातीच! ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते आणि वरच्या भिंतीला सुखानं उभं राहू देत नाही.

"पाव्हणं, पाया लागलाच न्हाई," तो शहादेवला म्हणाला. "पाणी पडलं की भिती फाटतील. उकलू द्या मला."

"गोदामात धान्य भरलंय. आन पाऊस हाय कुठं? आधी पडू तर द्या!" शहादेव हसला. पण आश्रुबाची झोप उडाली. त्या खोल्यांत बहिणीची लेकरं निजत होती.

त्याच आठवड्यात गावात धोंडी निघाली. लिंबाचा पाला नेसलेला पोरगा दारोदार फिरत होता आणि पाऊस यावा म्हणून बाया त्याच्यावर पाणी ओतत होत्या. छबुबाईनं रांजणाचा तळ खरवडून तांब्या भरला, डोळे मिटून ओतला. ते पाणी ओघळून भिंतीच्या बुडाशी जिरलं. आश्रुबाच्या तोंडून निघून गेलं, "नको रे बाबा, पडू नको!"

अंगणातल्या बाया वळून त्याच्याकडं बघू लागल्या. छबुबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

पुढच्या साली पाऊस आला. गाव नाचलं. गोदामाचा कोपरा फाटला. छबुबाईचं दार चौकटीत अडकलं आणि भिंतीला पंजा जाईल एवढी भेग पडली. जिवावरचं भिंतीवर निभावलं, एवढंच नशीब.

भाऊबीजेला आश्रुबा लुगड्यासोबत थापी-ओळंबा पिशवीत घालून आला. छबुबाईनं अंगणातच पाट मांडला, ओवाळलं. तो आत जायला उठला.

"भायेरच बसा. भितीचा भरवसा न्हाई."

"तीच नव्यानं बांधायला आलोय, बाई. पार मुरमापतूर खणतो."

"भीत दुसरा गवंडी बी बांधल," ती ओवाळणीचं ताट खाली ठेवत म्हणाली. "माझी लेकरं घोटभर पाण्याला तरसत व्हती, दादा, आन माझा भाऊ पावसाला नको म्हणला. त्याचं काय करू?"

आश्रुबानं लुगडं ताटात ठेवलं, पिशवी उचलली आणि माळाकडं परतायला केजच्या गाडीसाठी फाट्याकडं निघाला. छबुबाईनं अंगणातला पाट उचलला.